कुणालाच न येणारा वास

आमच्या रस्त्यावर त्यांना सगळे घडीकाका म्हणतात. त्यांची लाँड्री आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्यांच्या इस्त्रीची फुसफुस आणि माझ्या मशीनची घरघर गेली बारा वर्षं आम्ही दोघं वाटून घेतोय. काका साठी ओलांडलेले, उंच, शिडशिडीत. शर्टाची घडी अशी घालतात की उलगडायला जिवावर यावं. काही गिऱ्हाइकं तर घरी नेऊन तशीच ठेवतात म्हणे, पाहुणे आले की दाखवायला.

पण काकांचा खरा अभिमान नाकाचा. कुणी गाठोडं काउंटरवर ठेवलं की ते आधी वरचा कपडा नाकाशी नेणार. "कपाट भिंतीला चिकटून ठेवलंय तुम्ही. चार बोटं पुढे ओढा." माणूस चाट पडायचा, कारण ते खरंच असायचं. एकदा माझ्या मशीनमागची वायर करपायला लागली, तर वास मला यायच्या आधी भिंतीपलीकडे त्यांना आला. हातातली इस्त्री तशीच उभी ठेवून धावत आले आणि त्यांनी बटण बंद केलं. तेव्हापासून काकांना वास आला म्हणजे आला, त्यावर वाद नाही, असं मी धरून चालायचे.

म्हणून गेल्या वर्षी एका सकाळी ते माझ्या दारात येऊन म्हणाले, "पोरी, तुझ्याकडे काही मेलंय का बघ," तेव्हा मी मुकाट्यानं उठले.

आम्ही मशीन पुढे ओढलं. कागदांचे गठ्ठे हलवले. मागे धूळ होती, एक हरवलेली कात्री सापडली, बाकी काही नाही. मला तर शाईशिवाय कसलाच वास येत नव्हता.

"उंदीर असणार," काका म्हणाले. "कुजका वास आहे. राहून राहून येतोय."

"मग तुमच्याकडे असेल."

"माझ्याकडचं सगळं काढून झालं."

त्या आठवड्यात त्यांनी लाँड्रीतली फडताळं रिकामी केली, पाण्याची टाकी धुतली, माळ्यावर स्वतः चढून टॉर्च मारला. उंदीर काही सापडला नाही. वास मात्र जाईना. आणि गंमत अशी की तो फक्त त्यांनाच येत होता. ते गिऱ्हाइकांना विचारायचे, समोरच्या चप्पल शिवणाऱ्याला विचारायचे, पोस्टमनला थांबवून विचारायचे. पोस्टमन दोनदा हवा हुंगून म्हणाला, "मला सर्दी आहे हो," आणि निघून गेला.

मग तो वास कपड्यांना यायला लागला. म्हणजे काकांना तसं वाटायला लागलं. कोर्टात काम करणाऱ्या एका वकीलबाईंचा काळा कोट त्यांनी तीनदा धुतला. चौथ्यांदा धुवायला घेतला तेव्हा बाई स्वतःच येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कोट हातातून ओढून घेतला, हुंगला आणि म्हणाल्या, "चांगला साबणाचा वास येतोय की! आता याचा रंग घालवणार आहात का?" काका कोटाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्ता चुकलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

एका शिक्षिकेला तर त्यांनी पडदे परत केले. "तुमच्या घरात काहीतरी कुजलंय, आधी ते बघा." बाईंनी जे नाक मुरडलं, ते पुढे सहा महिने सरळ झालं नाही.

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका दुपारी माझ्यासमोर पाच गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती, कागद अडकला होता, आणि काका उशीचा अभ्रा घेऊन आले. "जरा बघ ना गं." त्यांचे गाल बसले होते. मी अभ्रा नाकाशी नेला. त्याला इस्त्रीच्या गरम कापडाचा छान वास होता. पण त्यांच्याकडे बघून मला 'नाही' म्हणवेना.

"हो काका," मी म्हटलं. "येतोय थोडासा."

त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. "सुटलो," ते म्हणाले. "मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. माझा होकार हाच पुरावा धरून काकांनी आमच्या सामाईक भिंतीलगतची फरशी उखडायला लावली. खालून सांडपाण्याचा पाइप गेलेला आहे, तो फुटला असणार असं त्यांनी ठरवलं. तीन दिवस धूळ उडाली. पाइप सापडला. नवा कोरा वाटावा असा धडधाकट होता. तेवढ्यात स्टेशनजवळच्या लॉजच्या चादरींचं काम रखडलं, आणि लॉजच्या मॅनेजरनं ते दुसऱ्या लाँड्रीला देऊन टाकलं. हे सगळं होत असताना मी भिंतीच्या अलीकडे बसून प्रती काढत होते. एकदाही उठून खरं बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू, असं करत राहिले.

घरी काय चाललंय हे मला काकूंकडून कळलं. काकू म्हणजे घडीकाकांची बायको. गोल चेहऱ्याची, एरवी सतत हसणारी बाई. कसलासा फॉर्म झेरॉक्स करायला आल्या आणि स्टुलावर बसूनच राहिल्या.

"फ्रिज तीनदा धुतला," त्या म्हणाल्या. "मोरीतली जाळी बदलली. गाद्या गच्चीवर टाकल्या. मग एक दिवस मला विचारतात, तू साबण बदललास का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, तुझ्या अंगाला... आणि पुढचं गिळलं. पण मला कळायचं ते कळलंच ना."

मी त्यांच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली.

"दिवसातून तीनदा आंघोळ करते मी आता. तरी हे उशी उचलून बाहेरच्या खोलीत झोपायला गेले. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगू कुणाला?"

काकांचं खाणंही सुटलं होतं. घास तोंडाशी नेला की कुजका वास. चहा घेतला की वास. त्यांच्या घराची अडतीस वर्षांची घडी अशी महिन्याभरात विस्कटली, आणि कशामुळे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. काका चिडत नव्हते, भांडत नव्हते. बघायला गेलं तर एक सभ्य माणूस सभ्यपणे घर हुंगत फिरत होता.

नेहमीच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. उपयोग शून्य. मग सर्दी जुनी झालीय म्हणून सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. आणि काय आश्चर्य, पाचव्या दिवशी वास गेला! काका माझ्याकडे पेढे वाटायला आल्यासारखं तोंड करून आले. आठ दिवस ते जेवले, झोपले, काकूंशी नीट बोलले. नवव्या दिवशी सकाळी दुकान उघडताना तो परत आला. त्यानं तर ते जास्तच खचले. वास खरा नाही म्हणावं, तर गोळीनं गेला कसा? खरा आहे म्हणावं, तर तो आहे कुठे?

शेवटी परगावी राहणारी त्यांची मुलगी आली. दोन दिवस तिनं बापाला पाहिलं आणि मग म्हणाली, "बाबा, आपण डोक्याच्या डॉक्टरांना दाखवू या."

काका तिच्यावर रागावले नाहीत. भिंतीला वळसा घालून माझ्याकडे आले.

"तुला आला होता ना वास? त्या अभ्र्याला?"

मी कागदांचा गठ्ठा उगाच सरळ करायला लागले.

"उद्या डॉक्टरांपुढे तेवढं सांगायला येशील का? साक्षीला. मी एकटाच म्हणतोय म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार?"

आता पळायला जागा नव्हती. "काका," मी म्हटलं, "मला नव्हता आला."

त्यांनी नजर माझ्या मशीनच्या हिरव्या दिव्याकडे वळवली. "मग हो कशाला म्हणालीस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"वाटलं होतं गं," ते म्हणाले. "फार बरं वाटलं होतं."

फरशीचं त्यांनी नावही काढलं नाही. मला वाटतं, त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्यांच्याबरोबर गेले. साक्षीला नाही, नुसतीच.

मानसोपचाराच्या डॉक्टर म्हणजे पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही 'अहो पण' म्हणाल्या नाहीत. मुलगी आणि काकू एका बाकावर, मी दाराशी. सगळं ऐकून झाल्यावर बाईंनी विचारलं, "वास कुठल्या नाकपुडीत येतो?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. तीन महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"दोन्ही... म्हणजे... नाकात येतो," काका गोंधळले.

"एक दाबून बघा."

त्यांनी डावी दाबली, थांबले. उजवी दाबली आणि तोंड वाकडं केलं. "डावी," ते म्हणाले. "फक्त डावी!"

"खाली वाकलात की गाल जड होतो?"

"डावाच! बूट बांधताना. पण मला वाटलं, वयानं होतंय."

"हे सांगितलं नाहीत कुणाला?"

"वासाचं सांगता सांगता लोक कंटाळायचे. गालाचं कुठून काढू?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा."

"म्हणजे बाबांच्या डोक्यात काही नाही?" मुलीनं विचारलं.

"मी अजून तसं म्हटलेलं नाही. ते उदास झालेत, हे दिसतंयच. पण रोज जेवताना असा वास आला तर मीही होईन. आधी नाक बघू दे, मग मी आहेच."

नाकाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, स्कॅन काढायला लावला आणि चार दिवसांनी पडद्यावर काकांच्या चेहऱ्याचा आडवा छेद दाखवला. स्वतःचं डोकं असं कापलेलं बघून काकांनी काकूंचा हात धरला. किती दिवसांनी धरला असेल कोण जाणे.

"गालाच्या हाडात आत एकेक पोकळी असते," डॉक्टर सांगत होते. "ही उजवी, काळी दिसते, म्हणजे हवा आहे. डावी बघा, राखाडी. पू भरलाय. ती नाकात उघडते, म्हणून वास. आणि हे टोक दिसतंय? ते वरच्या दाढेचं मूळ. पोकळीच्या तळाला भिडलंय. सगळं तिथून सुरू झालंय. तुम्ही दाताच्या डॉक्टरांकडे जा."

इतके दिवस न चिडलेले काका इथं चिडले.

"वास नाकात येतो. एक म्हणतात पित्त, मुलगी म्हणते डोकं, तुम्ही म्हणता दात. उद्या मला चपलेच्या दुकानात पाठवा! माझी दाढ दुखत नाही. एकदाही दुखलेली नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!"

"दुखत नाही, हीच तर अडचण आहे," डॉक्टर म्हणाले. काकांना ते काही पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. दुखत नाही ही अडचण कशी काय असेल?

दाताची डॉक्टर तरुण होती, मुलीच्याच वयाची. तिनं बर्फगार कापसाचा बोळा एकेका दाताला लावला. पहिल्याला काका दचकले, दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. त्या दाढेला लावला तर काका आरामात पडून राहिले.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. बघा, ठणठणीत आहे."

"ठणठणीत दाताला थंड कळतं, काका. हिला काही कळत नाही, कारण ही आतून मेलीय. हिला पूर्वी काही केलं होतं?"

काकांनी आठवून पाहिलं, पण आठवेना. मग काकूंनीच आठवण करून दिली. सहा वर्षांपूर्वी हीच बाजू सुजली होती. जवळच्याच एका दवाखान्यात दाढेची नस काढायला घेतली होती. चार वेळा बोलावलं होतं, काका दोनदा गेले. दुसऱ्या खेपेनंतर ठणका थांबला, कामाची गर्दी होती, मग राहिलंच. वर तात्पुरतं भरलेलं सिमेंट कधीतरी झिजून गेलं.

"दुखायचं थांबलं," काका म्हणाले, "मग कशाला जायचं?"

"नस गेली की ठणका जातो. जंतू नाही जात. ते खाली हळूहळू काम करत राहतात, आणि तुमच्या दाढेच्या वरच ती पोकळी."

"घरभर मेलेलं शोधत होता ना?" काकू पुटपुटल्या. "फ्रिज धुवून घेतला माझ्याकडून."

दाढ वाचण्यासारखी राहिली नव्हती. रीतसर सुन्न करून डॉक्टरनं ती काढायला घेतली तेव्हा आम्ही बाहेर बसलो होतो. आत काय झालं ते नंतर काकांनी इतक्यांदा सांगितलं की मी पाहिल्यासारखंच सांगू शकते. दाढ हलली, निघाली, आणि मागोमाग जो काही वास सुटला, त्यानं शेजारी उभ्या असलेल्या मदतनीस बाईंनी चेहरा फिरवला. काकांनी ते पाहिलं. अर्धं तोंड बधिर, कापसाचा बोळा दाबलेला, तरी ते उठून बसले.

"आला ना तुम्हाला? आला ना?"

"काका, बोलू नका."

"आला की नाही तेवढं सांगा!"

डॉक्टर मास्कच्या आडून म्हणाली, "आला. चांगलाच आला."

मग त्यांनी हट्ट धरला की बायकोला आत बोलवा. काकू घाबरून धावल्या, आम्ही मागे. ट्रेमध्ये ती दाढ पडली होती, काळपट मुळांची. काका बोटानं दाखवत होते. काकूंनी वाकून वास घेतला आणि ताडकन मागे झाल्या. "ई! हा? हाच?"

काकांनी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. जगातला सर्वात घाणेरडा वास बायकोला आला म्हणून इतका आनंदलेला नवरा मी दुसरा पाहिलेला नाही. काकूंनी त्यांच्या दंडावर एक चापट मारली, मग डॉक्टरच्या फिरत्या स्टुलावर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या. स्टूल हळूहळू फिरत राहिलं. मुलीनं ते धरून ठेवलं.

पण संपलं नव्हतं. दाढ निघाली त्या जागी तोंड आणि ती पोकळी यांच्यात छोटं भोक राहिलं होतं. चूळ भरली तर पाणी नाकातून येईल म्हणाली डॉक्टर. तिनं हिरडी ओढून टाके घातले. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. बाकीची पोकळी औषधांनी आणि नाकाच्या डॉक्टरांनी साफ केली. काका लाँड्रीत तोंड उघडून असे काही शिंकायचे की माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं दचकायची.

तिसऱ्या आठवड्यात ते भिंतीला वळसा घालून आले. "येत नाहीये," ते म्हणाले. "की मला सवय झालीय?"

"मला काय विचारता काका? मला तर कधी आलाच नव्हता."

"तेही खरंच." आणि तरी उभे राहिले. पुढे महिनाभर त्यांचं हेच चाललं होतं. सकाळी उठून साबण हुंगायचे, कॉफीचा डबा हुंगायचे, मग काही न हुंगता नुसतेच थांबून बघायचे. ज्या नाकावर उभा जन्म काढला, त्यानं खरंच सांगितलं होतं. फक्त पत्ता चुकीचा दिला होता. मग त्याला खोटं म्हणायचं की खरं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मलाही येत नाही.

अंग मात्र भरलं. वाकताना गाल जड होईनासा झाला, दुपारी थकून इस्त्रीच्या टेबलाला टेकून डोळे मिटायची सवय गेली. लॉजचं काम परत आलं नाही. पडदेवाल्या शिक्षिका आल्या, पण कपडे काउंटरवर ठेवून हातभर लांब उभ्या राहिल्या. मी फरशीचा विषय काढला तेव्हा काका म्हणाले, "असू दे. पाइप चांगला आहे, हे तरी कळलं."

काकूंची माफी त्यांनी शब्दांत मागितली नसावी. ते त्यांना जमणारच नाही. एक दिवस उशी घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभे राहिले, तर काकू म्हणाल्या, "थांबा आठ दिवस. मला माझ्या अंगाचा वास जरा पुसू दे मनातून." आठ दिवस म्हणजे आठ दिवस. मग घेतलं आत.

मग त्याच डॉक्टरकडे काकूंचीही पाळी आली. झालं असं की टाके काढायला गेले त्या दिवशी बोलता बोलता काकू म्हणाल्या, दात घासताना रक्त तर सगळ्यांनाच येतं. डॉक्टर म्हणाली, "सगळ्यांना नाही येत. बसा बघू." काकूंना तीन वर्षं येत होतं. हिरड्या सैल झाल्या होत्या. काकूंना साखरेचा त्रास, गोळ्या वाढवूनही साखर खाली येत नव्हती. हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर हटून बसते आणि साखर वाढली की हिरड्या बिघडतात, दोघी एकमेकींना चिथावतात, असं डॉक्टरनं सांगितलं. काकांनी मला ते दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा वेगळं समजावलं.

"आता हिरडी आणि साखर," ते म्हणाले. "शेजार तरी आहे का त्यांचा? मला यातलं काही कळत नाही. पण हिला चार वेळा बोलावलंय, तर या वेळी चारही वेळा जायचं. मी नेणार."

पहिल्या खेपेला मीही सोबत होते, मला त्या बाजूला कागद आणायचे होते. काकू बाहेर आल्या तेव्हा अर्धा चेहरा बधिर, ओठ एका बाजूला लोंबल्यासारखा. तोंड उघडलं तर लाळ गळेल म्हणून त्या बोलायला तयार नव्हत्या. फुटपाथवर आल्यावर त्या थबकल्या आणि त्यांनी हातानं खाली कुठेतरी खूण केली.

"पाणी?" काकांनी विचारलं. काकूंनी मान हलवली. "चष्मा राहिला? रिक्षा बघू? दुखतंय का? डॉक्टरला बोलावू परत?"

काकू दर वेळी तीच खूण करत होत्या आणि काका दर वेळी नवं काहीतरी समजत होते. शेवटी काकूंनी माझ्या हातातलं पेन घेतलं, औषधाच्या चिठ्ठीच्या मागे काहीतरी लिहिलं आणि काकांपुढे धरलं. काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि ओशाळून हसले. मला वाचायला देईनात. मग त्यांनी वाकून काकूंच्या चपलेचा सुटलेला पट्टा नीट लावला, उठले, आणि आम्ही तिघं रस्ता ओलांडला.